मैदानावर आधी इंटरनेटची तार द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरात नवी यूट्यूब चॅनेल उगवतात. शाहू स्टेडियमवरचे सामने, खासबागेतल्या कुस्त्या, गणपतीची मिरवणूक, पेठेतल्या कट्ट्यावरच्या चर्चा, सगळे थेट दाखवले जाते आणि बघणारेही असतात. तरी यातल्या बऱ्याच चॅनेलना पुढचा हंगाम दिसत नाही. "व्ह्यूज मिळाले नाहीत" असे कारण सांगतात. आमच्या मते दुखणे वेगळे आहे. पैसा कुठून येणार याचा हिशोब चुकलेला असतो आणि हातातला पैसा उलट्या क्रमाने खर्च झालेला असतो. हे काम करणारे म्हणून दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो. शेवटी एक मागणी आहे, ती मैदाने आणि सभागृहे चालवणाऱ्यांकडे.

यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत पाहिले गेलेले ४,००० तास लागतात. शॉर्ट्सचा दुसरा रस्ता आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूजचा, पण पेठेतल्या चॅनेलने त्याच्या नादी लागू नये. शिवाय शॉर्ट्सच्या फीडमध्ये गेलेला वेळ या ४,००० तासांत धरतच नाहीत. आता ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. दीड तासाचा कार्यक्रम २०० जणांनी सरासरी १२ मिनिटे पाहिला, तर एका कार्यक्रमाचे ४० तास झाले. म्हणजे असे १०० कार्यक्रम हवेत. आठवड्याला दोन केले तर ५० आठवडे. वर्षात हे जेमतेम बसते आणि मध्ये महिनाभर खंड पडला तर बसत नाही. त्यातही पुष्कळ जण सामना संपला की रेकॉर्डिंग 'प्रायव्हेट' किंवा 'अनलिस्टेड' करून टाकतात. तास मोजतात ते फक्त सार्वजनिक व्हिडिओचे. म्हणजे कमावलेले स्वतःच पुसायचे.

मेंबरशिप (प्रेक्षकांची मासिक वर्गणी) आणि सुपर चॅट (लाइव्ह चॅटमध्ये पैसे देऊन टाकलेला मेसेज) त्याआधी सुरू होऊ शकते: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि ३,००० तास. यातला ७० टक्के वाटा चॅनेलला मिळतो, जाहिरातीतला ५५ टक्के. पुढे अॅडसेन्सची, म्हणजे ज्यातून ही कमाई हाती येते त्या गूगलच्या खात्याची, कटकट असते. खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो, त्यामुळे बोळातल्या घराचा अर्धवट पत्ता देऊ नये. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. अमेरिकेचा कर-फॉर्म भरला नाही तर एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते; भरून भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ घेतला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर १५ टक्के. कोल्हापूरचे सामने तिकडे बसून बघणारे बरेच असतात, तेव्हा हा फॉर्म पहिल्याच दिवशी भरावा.

एवढे सगळे करून येणारी रक्कम स्थानिक कार्यक्रमाचा रोजचा खर्च भागवत नाही. तो भागतो गावातच. समजा महिन्याला आठ कार्यक्रम आणि प्रत्येकाचा खर्च ३,००० रुपये, म्हणजे २४,००० झाले. यातले १२,००० बारा दुकानदारांकडून हजार-हजारने यावेत आणि १२,००० सव्वाशेच्या आसपास प्रेक्षकांकडून शंभर-शंभरने. एकच स्पॉन्सर २४,००० देतो म्हणाला तरी मोह टाळावा, कारण तो हंगामाबरोबर जातो. तो राजकारणातला असेल तर दुखणे आणखी मोठे. पडद्यावर एका नेत्याचा वाढदिवस झळकला की दुसऱ्या गटाची पेठ बघायची थांबते, आणि ती परत यायला वर्ष लागते.

दुकानदाराला सबस्क्रायबरचा आकडा दाखवून काही उपयोग नाही. त्याला यूट्यूब स्टुडिओतले दोन आकडे द्यावेत: एका वेळी जास्तीत जास्त किती जण बघत होते आणि सरासरी किती मिनिटे थांबले. दर महिन्याच्या १ तारखेला हे आकडे पाठवणाऱ्या चॅनेलला पैसे मागायला दुकानात फार वेळा जावे लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. केबलसाठी केलेली तयार जाहिरात देऊन "हाफ टायमाला लावा" असे दुकानदार हमखास सांगतो. जाहिरातदाराने बनवलेली चित्रफीत कार्यक्रमात घुसवणे यूट्यूबच्या नियमात बसत नाही, आणि तिच्यातल्या गाण्यावर कॉपीराइटचा दावा येतो तो वेगळाच. समालोचकाने दुकानाचे नाव आणि पत्ता स्वतःच्या तोंडाने सांगावा, आणि व्हिडिओच्या सेटिंगमध्ये सशुल्क प्रमोशनची खूण करावी. तोंडाने सांगितलेली जाहिरात लोक ऐकतातही जास्त.

प्रेक्षकांकडून पैसे घेताना पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर लावून ठेवण्याची पद्धत पडली आहे. बघणारा तर मोबाइलवरच बघतो. तो स्वतःच्याच मोबाइलचा पडदा स्कॅन कसा करणार? यूपीआय आयडी अक्षरात लिहून वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये द्यावा. क्यूआर टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी असू द्या. खाते वेगळे असावे, घरखर्चाचे नको. पावतीवर 'देणगी' लिहू नये आणि करात सूट मिळेल असे तर मुळीच सांगू नये. देणगीवरची अशी करसूट त्यासाठी नोंदणी असलेल्या संस्थांनाच देता येते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण वही पहिल्या रुपयापासून हवी. गणपती मंडळ जसा जमा-खर्च फलकावर लावते, तसा महिन्याचा हिशोब चॅनेलने पोस्ट करावा. शंभर रुपयांची वर्गणी दुसऱ्या महिन्यात चालू राहते ती त्याच्यावर.

आता वर्गणी देणारा विकत काय घेतो? ठरलेल्या वेळी सुरू होणारा आणि मध्येच न तुटणारा कार्यक्रम. इथेच खर्चाचा क्रम चुकतो. पहिला पैसा कॅमेऱ्यावर जातो आणि प्रक्षेपण मोबाइलच्या डेटावर सोडलेले असते. ७२०पी चित्राला ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) पुरतात, तासाला १.८ जीबी. पण हातात निदान दुप्पट, म्हणजे ८ एमबीपीएस अपलोड हवा. डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नये, तो इथे कामाचा नाही. आणि मैदान रिकामे असताना घेतलेली चाचणी खोटी असते. गॅलरी भरली की एकाच टॉवरवर हजारो मोबाइल येतात. गोल झाला की जो तो क्लिप पाठवायला लागतो आणि नेमक्या त्याच मिनिटाला तुमचे चित्र अडकते, म्हणजे लोक ज्यासाठी बसले होते तेच दिसत नाही. यावर इलाज एकच, जमिनीवरून आलेले ब्रॉडबँड. शेजारच्या दुकानातून किंवा घरातून १०० मीटरपर्यंत साधी लॅन केबल ओढता येते. मोबाइल डेटा राखीव ठेवावा, आणि सिम दुसऱ्या कंपनीचे असावे.

चित्र अडकल्यावर नवा लॅपटॉप घेण्याआधी ओबीएसच्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या, 'स्टॅट्स' खिडकीत बघावे. 'ड्रॉप्ड फ्रेम्स' वाढत असतील तर दोष नेटचा आहे. बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, २,५०० केबीपीएसवर आणा. 'एन्कोडिंग लॅग' वाढत असेल तर दोष संगणकाचा आहे; एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याचे काम, ग्राफिक्स कार्डवर टाका. बिटरेट स्थिर ठेवावा, की-फ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी. यूट्यूबच्या लाइव्ह कंट्रोल रूममध्ये 'ऑटो-स्टॉप' बंद करावे. ते चालू असेल तर नेट तुटल्यावर स्ट्रीम संपली असे समजून तो दुवा बंद होतो, आणि सकाळपासून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेली लिंक मेलेली असते. नवी लिंक पोहोचेपर्यंत निम्मी माणसे गेलेली असतात. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारात करावे. एमपी४ असताना वीज गेली तर पूर्ण फाइल उघडत नाही. एमकेव्ही तोवरची शाबूत राहते आणि नंतर ओबीएसमध्येच बदलून घेता येते.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मरतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस फक्त राउटरसाठी ठेवला की हे संपते. तो कॅमेऱ्याच्या पिशवीपेक्षाही स्वस्त मिळतो, तरी शंभरात नव्वदांकडे नसतो असे आम्ही अंदाजाने सांगतो.

आवाजाबद्दल. चित्र थोडे पुसट असले तरी लोक चालवून घेतात, आवाज चिरका झाला की जातात. मंडपवाल्याच्या मिक्सरचा लाइन आउट थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घातला की आवाज फाटतो, कारण दोन्हींची पातळी वेगळी असते. वर मिक्सर आणि कॅमेरा विजेच्या वेगळ्या बोर्डावर असतील तर अर्थिंगमुळे घूं असा नाद मागे लागतो. मध्ये आयसोलेशनचा डीआय बॉक्स, म्हणजे आवाजाची पातळी उतरवणारी आणि दोन्हींतली थेट विजेची जोडणी तोडणारी छोटी पेटी, लावला की दोन्ही प्रश्न सुटतात. समालोचकाचा माइक आणि गर्दीचा माइक वेगळे असावेत. हलगी आणि आरडाओरडा तर पाहिजेच, पण तो कमीजास्त करता आला पाहिजे. समालोचकाचा माइक थेट संगणकात आणि चित्र कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणातून) येत असेल तर आवाज आधी पोहोचतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून बघावे आणि माइकला तेवढा उशीर द्यावा, बहुधा १०० ते २०० मिलिसेकंद. एका माणसाच्या कानाला हेडफोन शेवटपर्यंत हवा.

कॅमेऱ्याचे दोनच शब्द. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून दिव्यांखाली शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. १/६० ठेवले की चित्र फडफडते. आणि उन्हात मोबाइलचे कव्हर काढून वर छत्री धरावी, नाहीतर तो तापून कॅमेरा बंद करतो.

हाफ टायमाला मैदानावरच्या भोंग्यावर सिनेमाची गाणी लागतात. तेव्हा गर्दीचा माइक बंद करावा. यूट्यूब आधी इशारा देते, नंतर स्ट्रीमच कापू शकते, आणि चालू स्ट्रीम कॉपीराइटवरून काढली गेली तर सात दिवस लाइव्ह बंद राहू शकते. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दाखवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १२ तासांपेक्षा लांब स्ट्रीमचे रेकॉर्डिंग यूट्यूबवर पूर्ण राहील याचा भरवसा नाही. आपली मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ११ तासांनी स्ट्रीम थांबवून नवी सुरू करावी, नवी लिंक आधीच ठरवून जाहीर करावी.

चॅटमध्ये दोन तालमींचे समर्थक भिडले की दुकानदार काढता पाय घेतात. प्रत्येक बाजूचा एकेक मॉडरेटर नेमावा, स्लो मोड (एकाला लागोपाठ मेसेज टाकू न देणारा) लावावा आणि अडवायच्या शब्दांची यादी देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत भरावी. आपल्याकडच्या शिव्या बहुतेक रोमनमध्येच टाइप होतात.

पावसाळ्यात पंचगंगा वाढली की प्रेक्षक आपोआप दुप्पट होतात. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कुठल्या वेळची पातळी आहे ते पडद्यावर घड्याळासह दाखवणारे चॅनेल पुढेही बघितले जाते. मागच्या वर्षीचे चित्रण 'लाइव्ह' म्हणून चालवणारे तिथेच संपते. बातम्या देणाऱ्या चॅनेलना २०२१ चे आयटी नियम लागू होतात: तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर असावे, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा.

आता मागणी. मैदाने आणि सभागृहे भाड्याने देणाऱ्या संस्थांनी व महापालिकेने भाडेपत्रकात प्रक्षेपणाची सोय वेगळी लिहावी. कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत आलेली इंटरनेटची तार, निदान २० एमबीपीएस अपलोडची. फ्लडलाइटच्या लाइनपासून वेगळा विजेचा पॉइंट. निवेदकाच्या मिक्सरमधून काढलेली एक स्वतंत्र आवाजाची जोडणी. आणि पश्चिमेच्या बाजूला छत असलेला उंच ओटा, म्हणजे दुपारनंतर ऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर राहील. प्रक्षेपणाचे हक्क कोणाकडे, किती दिवस, रेकॉर्डिंग कोणाचे, हे एका पानावर लिहून आयोजकाची सही घ्यावी. आज हे बहुतेक तोंडी चालते आणि अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री वाद होतो. दर ठरवून तिकीट खिडकीवर लावावेत, म्हणजे ओळखीच्याला एक दर आणि नवख्याला दुसरा असे होणार नाही.

आपले,
थेट प्रक्षेपणाचे काम करणारे काही तंत्रज्ञ
मंगळवार पेठ, कोल्हापूर