जुन्या इटालियन मोटारींचे सुटे भाग : कंपन्यांनी मूळ ड्रॉइंग खुली करावीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इटालियन मोटारींच्या पुनरुज्जीवनावर आलेला लेख वाचला. ‘सुटे भागच मिळत नाहीत, म्हणून काम अर्धवट राहते’ असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. साठच्या दशकातील एक अल्फा रोमिओ जीटी 1300 ज्युनिअर पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या खटपटीत मी स्वतः असल्यामुळे या तक्रारीतले खरे किती आणि सरसकट किती, हे जवळून पाहिले आहे. भाग मिळत नाहीत असे म्हणून विषय मिटवला, की ते का मिळत नाहीत आणि ते मिळावेत म्हणून कोणी काय करायला हवे, हा प्रश्न बाजूला पडतो. म्हणून हे पत्र.

इंजिनाच्या भागांची टंचाई लेखात म्हटली आहे तेवढी नाही. अल्फा रोमिओने 1954 च्या जुलिएत्तामध्ये आणलेले दोन कॅमशाफ्टचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन लहानमोठे फेरफार होत नव्वदच्या दशकापर्यंत वापरात होते. त्याचे ओतीव लोखंडी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत सरकतात त्या नळ्या, ब्लॉकमधून काढून नवे बसवता येतात, त्यामुळे झिजलेले इंजिनही पिस्टन-लायनरचा नवा संच घालून पूर्ववत होते. फियाटसाठी ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी आखलेले दोन कॅमशाफ्टचे इंजिन 1966 च्या 124 स्पोर्ट स्पायडरमध्ये आले आणि पुढे त्याच घराण्यातील इंजिने लान्चिया डेल्टा इंटेग्रालेपर्यंत पोहोचली. 1957 ते 1975 या काळात बनलेल्या छोट्या फियाट 500 चे हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन 126 या मॉडेलमध्ये सुधारून वापरले गेले आणि 126 चे उत्पादन पोलंडमध्ये 2000 सालापर्यंत चालू होते. जो भाग इतकी वर्षे इतक्या मॉडेलांना लागला, तो बनवणारा कोणी ना कोणी टिकून राहतोच.

फियाटच्या बाबतीत परवान्यावर झालेल्या उत्पादनाचाही फार उपयोग होतो. स्पेनमध्ये सेआत, युगोस्लाव्हियात झास्तावा, तुर्कस्तानात तोफाश, भारतात प्रीमियर अशा अनेकांनी फियाटच्या गाड्या बांधल्या. मात्र ही नाती तपासून घ्यावी लागतात. सोव्हिएत संघात 1970 पासून तयार झालेली व्हीएझेड 2101, म्हणजेच पुढे लाडा म्हणून ओळखली गेलेली गाडी, फियाट 124 वरून घेतलेली असली, तरी तिचे इंजिन वेगळे आहे आणि मूळ गाडीला मागे डिस्क ब्रेक असताना तिला ड्रम आहेत. दिसायला सारखी म्हणून तिचा भाग मागवला, तर तो कोपऱ्यात पडून राहण्याचीच शक्यता जास्त.

खरी अडचण कुठला भाग आपला, हे ठरवण्यात आहे. माझ्याच गाडीच्या घराण्याचे उदाहरण देतो. अल्फाच्या 105 मालिकेतील सुरुवातीच्या गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते, नंतरच्या गाड्यांना ‘आटे’ (ATE) या कंपनीचे आले, आणि एकाचे पॅड किंवा सील दुसऱ्याला चालत नाहीत. स्टिअरिंग बॉक्स काही गाड्यांत बर्मनचा, तर काहींत झेडएफचा आहे. कार्ब्युरेटर वेबर, सोलेक्स किंवा डेलोर्तो यांपैकी कोणताही असू शकतो, आणि प्रत्येकाचे गॅस्केट, जेट व डायाफ्राम निराळे असतात. त्यातच मधल्या पन्नास वर्षांत एखाद्या मेकॅनिकने दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवलेला असेल, तर मॉडेलचे नाव आणि साल सांगून मागवलेला संच हमखास चुकीचा येतो. दुकानदार फोटो मागतो आणि आपण तो पाठवतो, पण फोटोत भोकाचा व्यास किंवा आट्यांचे माप दिसत नाही.

यावर उत्तर जुन्या काळातच दिलेले होते. त्या काळच्या अनेक फियाट गाड्यांच्या ओळखपट्टीवर चॅसिस आणि इंजिन यांच्या क्रमांकांखेरीज सुट्या भागांसाठीचा एक स्वतंत्र क्रमांक उठवलेला असतो. मॉडेल तेच राहून मधेच एखादा भाग बदलला गेला, तर अमुक क्रमांकापर्यंतच्या गाडीला जुना आणि त्यापुढच्या गाडीला नवा, असे कंपनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकात पाहता यावे, यासाठी ही सोय होती. पट्टी शाबूत असूनही ते पुस्तक हाताशी नसेल, तर त्या क्रमांकाचा काडीचा उपयोग होत नाही. नवशिक्या हौशी माणसाने गाडी खोलण्यापूर्वी पहिला खर्च या पुस्तकावर करावा, असे माझे ठाम मत आहे. कंपनीचा भाग क्रमांक एकदा हाती आला, की इटलीतील इमोला किंवा बोलोन्या येथील जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या विक्रेत्याशी इटालियन भाषेचा गंध नसतानाही व्यवहार होऊ शकतो.

टंचाई कुठे आहे, तर ती वरवर किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंची. दाराचे रबर, काचेचे बीडिंग, कारेलो किंवा अल्तिस्सिमो या कंपन्यांच्या दिव्यांच्या काचा, व्हेलिया बोर्लेत्तीचे मीटर, बंपरचे कोपरे आणि डॅशबोर्डवरचे प्लॅस्टिक या गोष्टी दर दोन-चार वर्षांनी रूप पालटण्यासाठी बदलल्या जात. इंजिन तेच राहिले, पण त्याभोवतीची सजावट बदलत गेली. अल्फाच्या जीटी ज्युनिअरच्या बॉनेटपुढची सुप्रसिद्ध पायरी 1970 मध्ये गेली आणि नाकाचा पत्रा वेगळा झाला. असे भाग थोडे बनले, सर्वांत आधी फुटले आणि सर्वांत आधी संपले. लान्चिया फुल्व्हियासारख्या गाडीत तर इंजिनही या यादीत येते, कारण तिचे अगदी अरुंद कोनाचे चार सिलिंडरचे व्ही इंजिन 1976 मध्ये त्या गाडीबरोबरच संपले आणि मोठ्या खपाच्या कोणत्याही गाडीत ते गेले नव्हते.

असे भाग आज कोणी नव्याने करतच नाही, असे नाही. करतात, पण बहुतेक वेळा जुना भाग समोर ठेवून करतात, आणि इथेच घोळ होतो. माझ्या गाडीच्या दोन्ही दारांसाठी मी एका विक्रेत्याकडून नवे रबर मागवले. पाकिटावर मॉडेलचे नाव बरोबर होते आणि आडव्या छेदाचा आकारही मुळासारखाच दिसत होता. वरच्या कडेने ते व्यवस्थित बसले, पण खालच्या वळणावर रबराची कड दाराच्या पत्र्याला टेकेचना आणि तिथे बोटभर लांबीची फट राहिली. ओढून लांबवावे, तर पोकळ भाग चपटा होई. कारण उघड होते. पन्नास वर्षे ऊन-पाऊस खाल्लेले रबर आकसते आणि कडक होते. ते मोजून साचा केला, तर आकसलेल्या रबराचीच प्रत निघते. ओतकामातही हेच घडते. जुना अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट नमुना म्हणून वाळूत दाबून नवा ओतला, तर थंड होताना धातू एका टक्क्याहून अधिक आकसतो आणि भोके एकमेकांसमोर येत नाहीत. आता त्रिमितीय स्कॅनिंगने ही कसर भरून निघेल असे सांगितले जाते. परंतु स्कॅनर समोरच्या वस्तूचा आजचा आकार टिपतो, तिची झीजही टिपतो. भाग कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा त्याचे माप काय होते आणि त्यात किती कमी-जास्त चालत होते, हे मूळ ड्रॉइंगशिवाय, म्हणजे कंपनीच्या मापांच्या आराखड्याशिवाय, कळत नाही.

ब्रेकच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाशी येतो. जुन्या साठ्यातील न वापरलेले, मूळ खोक्यातले सील आणि होजपाइप मिळाले की अनेकांना घबाड सापडल्यासारखे वाटते. पण रबर खोक्यातही जुने होतच असते. कॅलिपर किंवा मास्टर सिलिंडरचे ओतीव शरीर जुन्या साठ्यातले चालेल, आतले रबर मात्र आजचेच असावे, आणि इंधनाच्या नळ्या घेताना ते रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे आहे का, हे विचारून घ्यावे. मूळपणाच्या आग्रहापायी यात तडजोड करणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

कंपन्या काहीच करत नाहीत, असे मी म्हणणार नाही. फेरारीने 2006 मध्ये आणि लाम्बोर्गिनीने 2015 मध्ये जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केले. फियाट, अल्फा, लान्चिया आणि अबार्थ यांचा वारसा सांभाळणारे हेरिटेज हब 2019 मध्ये टुरिनमधील मिराफिओरी येथे उभे राहिले, आणि डेल्टा इंटेग्रालेचे बंपर कंपनीने पुन्हा बनवून विकायला आणले. हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या गाड्यांची किंमत आधीच गगनाला भिडली आहे, त्यांच्यासाठी भाग बनवणे परवडते. फियाट 850, 128 किंवा अल्फासूद या लाखोंच्या संख्येने बनलेल्या, सामान्य कुटुंबांना चाकांवर बसवणाऱ्या गाड्या या मायेला मुकतात. 1970 मध्ये युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळवणाऱ्या 128 ला दाराचे रबर मिळू नये, हे मला अन्यायाचे वाटते.

कायद्याची आडकाठी आहे, असेही कोणी म्हणेल. युरोपीय संघात नोंदणीकृत डिझाइनला जास्तीत जास्त 25 वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतील पत्र्यांच्या आकारांना ते केव्हाच उरलेले नाही. त्यानंतरच्या गाड्यांसाठी 2024 च्या युरोपीय डिझाइन नियमनात वस्तूंच्या दुरुस्तीला सूट देणारे कलम आले आहे. गाडीचे मूळ रूप परत आणण्यासाठी लागणारा, त्या रूपाशी जुळलाच पाहिजे असा भाग दुसऱ्या उत्पादकाला बनवता येतो. मात्र तो कोणी बनवला, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. ही अट मला फार मोलाची वाटते आणि जुन्या गाड्यांच्या प्रत्येक विक्रेत्याने ती आपणहून पाळावी. कंपनीचे नाव आणि चिन्ह यांवरचा हक्क अर्थातच कायम राहतो, त्यामुळे बिल्ल्यांसाठी परवानगी लागेलच. म्हणजे बहुतेक भागांसमोरचा अडथळा कायद्याचा नसून माहितीचा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. उत्पादन बंद होऊन तीस वर्षे झालेल्या गाड्यांची सुट्या भागांची पुस्तके, भाग क्रमांकांतील बदलांच्या याद्या आणि ज्या भागांचे उत्पादन कंपनी स्वतः करणार नाही, त्यांची ड्रॉइंग तिने कोणालाही माफक शुल्कात मिळू द्यावीत. तीस वर्षांची मर्यादा मी मनाने ठरवलेली नाही. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हीदेखील वाहनाला ऐतिहासिक म्हणण्यासाठी निदान इतक्याच वयाची अट घालते. जिथे मूळ साचे शिल्लक आहेत, तिथे ते भंगारात न घालता चालवायला द्यावेत. ब्रिटनमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची अख्खी बॉडी मूळ साच्यांवर पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि गंजून गेलेल्या कितीतरी गाड्या त्यामुळे वाचल्या. इटालियन गाड्यांच्या वाट्याला असे काम फारच थोडे आले आहे.

तोपर्यंत हौशी मंडळींनी एक पथ्य पाळावे, अशी विनंती करतो. एका गाडीसाठी दुसरी धडधाकट गाडी तोडून तिचे भाग विकण्याचा प्रकार वाढत चालला आहे. तो थांबला पाहिजे. आणि जो भाग नव्याने बनवून घेतला, त्याचे माप, धातू किंवा रबराचा प्रकार आणि बनवणाऱ्याचे नाव गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. फिवाच्या टुरिन सनदेतही केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचा आणि बदललेले भाग ओळखता येण्याचा आग्रह आहे. या नोंदी क्लबांनी एकत्र केल्या, तर माझ्या दाराच्या रबरासारखा भाग मागवण्यापूर्वी तो कोणत्या मापावरून बनवला आहे, हे पुढच्या माणसाला आधी पाहता येईल.

आपण या विषयावर पुन्हा लिहिणार असाल, तर कंपन्यांच्या वारसा विभागांना ड्रॉइंगविषयी थेट प्रश्न विचारून त्यांची उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक