कोणता अभियंता?

संपादक महोदय,

बांधकाम कोसळलं की दुसऱ्या दिवशी ‘अभियंत्याचा हलगर्जीपणा’ हे शब्द छापून येतात. कोणता अभियंता, हे क्वचितच कळतं. भाराचा हिशेब मांडून नकाशा काढणारा, ठेकेदाराचा साइट इंजिनीअर, की या दोघांच्या मध्ये सापडलेला प्रकल्प अभियंता? या तिसऱ्या खुर्चीत मी २६ वर्षं काढली (बसायला फारसं मिळालं नाही), म्हणून हे पत्र.

हेल्मेट घालून ओरडणारा माणूस अशी आमची प्रतिमा आहे. खरं तर निम्मा दिवस कागदांत जातो: वेळापत्रक, बिलं, ७ आणि २८ दिवसांच्या क्यूबचे (ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) अहवाल, आणि नकाशांच्या रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्त्या. या शेवटच्या गोष्टीनेच मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. एका कारखान्यात कॉम्प्रेसरचा पाया चालू होता. यंत्र पुरवणाऱ्यांनी फाउंडेशन बोल्टची (यंत्र पायाला जखडणाऱ्या बोल्टची) जागा बदलून तिसरी रिव्हिजन पाठवली. ती माझ्या टेबलावर पडून राहिली आणि साइटवर आधीची, दुसरी रिव्हिजनच टांगलेली. बोल्ट जागेवर धरणारं टेम्प्लेट त्या जुन्या नकाशावरून बनलं, काँक्रीट झालं. पुढे क्रेनला यंत्र लटकत असताना त्याच्या बेसप्लेटची (तळाच्या पत्र्याची) भोकं बोल्टवर बसेनात. फरक ४० मिलिमीटरचा. फिटरने माझ्याकडे एकदा पाहिलं, बोलला काहीच नाही. जुने बोल्ट काढून नवे बसवण्यात ११ दिवस गेले. जुना नकाशा साइटवरून उचलून त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारणं हे माझंच काम होतं.

माझं ११ दिवसांवर भागलं. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगते पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली. छतापासून निघालेली एकच सळई वरच्या पुलातून खालच्या पुलापर्यंत न्यायची, असं मूळ नकाशात होतं. बनवायला सोपं जावं म्हणून तिच्या दोन केल्या आणि खालचा पूल वरच्याला टांगला गेला. वरच्या जोडातल्या नटवर त्यामुळे दुप्पट भार आला. मूळचा जोडही नियमापेक्षा कमजोरच होता, हे पुढे तपासात निघालं. पण बदललेल्या नकाशावर मंजुरीचा शिक्का होता आणि नवा हिशेब कुणी केलेला नव्हता. मुख्य अभियंता आणि प्रकल्प अभियंता, दोघांचेही परवाने रद्द झाले.

ते रास्तच झालं. सही केली तर जबाबदारी आलीच. पण फाटकात काँक्रीटच्या गाड्या उभ्या असताना ‘आज ओतकाम होणार नाही’ असं म्हणणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी किती मालक उभे राहतात? मला दोनदा ‘तुम्ही फार किचकट माणूस आहात’ असं ऐकावं लागलं, तेही चहा देता देता.

तेव्हा पुढच्या दुर्घटनेच्या वेळी आपल्या वार्ताहराने एवढं जरूर विचारावं: बदल कुणी मागितला, नवा हिशेब कुणी केला आणि काम थांबवायचा अधिकार लेखी कुणाकडे होता?

— एक निवृत्त प्रकल्प अभियंता