गेंड्याच्या नावावर चाललेल्या दुकानदारीबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय वने, मत्स्यव्यवसाय व पर्यावरण मंत्री,
दक्षिण आफ्रिका

महोदय,

सादर नमस्कार. पत्र मराठीत आहे, कारण इंग्रजीतल्या एकाही ईमेलला उत्तर आलेलं नाही. वाचलं जाणारच नसेल, तर निदान माझ्या भाषेत तरी लिहिते.

मी मूळची सांगलीची, कापडावरच्या डिझाइनचं शिक्षण घेतलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे रिचर्ड्स बेला आले आणि इथल्या झुलू बायकांचं मणीकाम बघून त्यातच अडकले. क्वाझुलु-नाताळ प्रांताच्या उत्तरेकडच्या वस्त्यांमधल्या काही जणींबरोबर मी तार आणि काचमण्यांचे गेंडे करते. एका अभयारण्याच्या फाटकावरच्या दुकानाने आम्हाला शब्द दिला होता: वर्षभर माल घेऊ, विक्रीतले दहा टक्के वनरक्षकांच्या बुटांसाठी देऊ. सभा झाली, फोटो निघाले. एक साहेब गोगोंच्या, म्हणजे आमच्यातल्या आजींच्या, खांद्यावर हात ठेवून छान हसले.

परवा सगळा माल परत आला. खोक्यातल्या निम्म्या गेंड्यांची शिंगं मोडलेली. शिंगं काढली की शिकार कमी होते, हे मीही वाचलंय. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या अभ्यासात शिकार ७८ टक्क्यांनी घटलेली दिसली. पण ही मोहीम तारेच्या गेंड्यांपर्यंत आणायची होती, तर आधी कळवायचं ना! आम्हीच तारा कापून दिल्या असत्या.

आमच्या जागी आता फळीवर परदेशातून आलेले साच्यातले गेंडे बसलेत. सगळे एका तोंडाचे, आणि गळ्यात चिठ्ठी: ‘या खरेदीतून गेंडा वाचतो.’ कोणता गेंडा? किती वाचतो? पैसे कुणाच्या खात्यात जातात? काउंटरवरच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, मॅडम, मी फक्त पिशवीत घालून देतो.

आमचं बिल थकलेलंच आहे. मणी चेक प्रजासत्ताकातून येतात, पैसे आगाऊ मोजावे लागतात. मी पाटल्या मोडून मणी आणले. सासूबाई व्हिडिओ कॉलवर हातांकडे बघतात, मी कॅमेरा वर धरते. मानेला पट्टा आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, नवरा ‘कशाला नसते उद्योग’ म्हणायचंही सोडून गप्प बसतो, ते जास्त लागतं. आणि त्या गोगो? त्यांनी नातवंडांच्या गणवेशाचे पैसे या मालावर धरले होते. त्यांना काय सांगू? साहेब हसले होते, एवढंच?

तुम्ही म्हणाल, बाई, इथे गेंडे मरताहेत आणि तुम्हाला मण्यांचं पडलंय. मग गेंड्यांचंच बोलू. २०१४ मध्ये या देशात १,२१५ गेंडे मारले गेले, म्हणजे दर सात-आठ तासांनी एक. २०२४ चा आकडा ४२०. आमच्याकडे भारतात २०२४ पर्यंत ४२० म्हणजे फसवणुकीचं कलम होतं, पण तो योगायोग समजा. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या क्वाझुलु-नाताळमधले. तिथल्या ज्या इम्फोलोझी अभयारण्याच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शंभराच्याही आत उरलेले पांढरे गेंडे जगले, जिथून १९६० च्या दशकात वनाधिकारी इयन प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दूरदूर पोचवले, त्याच मुलखात ही कत्तल. शिकाऱ्याला वाट कोण दाखवतं? बऱ्याचदा कुंपणाबाहेरच्या वस्तीतलाच एखादा बेकार पोरगा. त्याच्या घरात आजीच्या मण्यांचे पैसे दर महिन्याला आले, तर सगळीच पोरं सुधारतील असं मी म्हणत नाही. पण गेंडा जिवंत असण्यात घराचा काही फायदा आहे, हे त्या घराला दिसेल की नाही?

बरं, पकडलेल्यांचं काय होतं? नकली शिकारी उभे करून शिंगं बाहेर नेणाऱ्या चुमलाँग लेमटाँगथाईला २०१२ मध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली. अपिलात उरली १३. तिकडे आसामने २०२१ मध्ये जवळजवळ अडीच हजार शिंगं उघड्यावर जाळली आणि २०२२ मध्ये तिथे एकही गेंडा मारला गेला नाही. आसामात सगळं आलबेल आहे असं नाही, पण निदान करून तरी दाखवलं.

तुमच्या देशाची ओळखच गेंड्याची आहे. दहा रँडच्या नोटेवर तो. प्रिटोरिया विद्यापीठात मापुंगुब्वे टेकडीवरच्या जुन्या राज्याचा सोन्याचा गेंडा, सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा, पातळ पत्रा बारीक सोनेरी खिळ्यांनी ठोकून केलेला. काय हात असेल त्या माणसाचा! त्याच टेकडीवर भारतातून समुद्रमार्गे गेलेले काचमणीही सापडले. त्या राज्याच्या नावाने तुम्ही २००२ पासून देशाचा सर्वोच्च सन्मान देता. त्या कारागिराचं नाव आता सापडणार नाही, हे मान्य. पण जिवंत आहेत त्यांची नावं चिठ्ठीवर छापायला काय हरकत आहे? रोबोवर, म्हणजे सिग्नलवर, उन्हात तारेचे गेंडे विकणारे झिम्बाब्वेचे कारागीर तुमच्या गाडीच्या काचेवर रोज टकटक करत असतील. त्यांच्या नशिबी हाकलणारा पोलीस, आणि साच्यातल्या गेंड्याला वातानुकूलित दुकान. मध्यंतरी बॉनेटवर लाल प्लॅस्टिकचं शिंग लावून फिरायची टूम निघाली होती, तेव्हाही हाच प्रश्न होता: पैसा शेवटी पोचतो कुठे? खाती बदलतात, मंत्री बदलतात, परिषदा होतात, परिषदेत मण्यांच्या माळा पाहुण्यांच्या गळ्यात पडतात. माळ कुणी ओवली, हे विचारणारा एक पाहुणा मला दाखवा.

माझं मागणं साधं आहे. थकलेलं बिल आणि मोडलेल्या मालाची भरपाई मिळावी. अभयारण्यांतल्या दुकानांत गेंड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कारागिराचं नाव, गाव आणि संवर्धनाला जाणारी रक्कम छापणं सक्तीचं करावं. दरवर्षी त्याचा हिशेब जाहीर करावा.

तोवर मी एक करणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या सहली इकडे येतात, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे पत्र टाकणार आहे. मंडळी, गेंडा हातात घेतलात की तो कुणी केला आणि पैसे कुणाला गेले, हे विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून मागा. चाळीस जणांची बस आहे. मला उत्तर द्यायला खात्याला वेळ नसेल, तर काउंटरवरच्या त्या पोराला चाळीस जणांना द्यावं लागेल.

आपली,
एक मणीकाम करणारी, रिचर्ड्स बे