जुन्या भिंतींवर सिमेंट नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतल्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, म्हणजे काय तर चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंट थापताहेत आणि सगळे खूश, की चला आता पन्नास वर्षं बघायला नको. म्हणून हे पत्र.

सिमेंटनं काय होतं, त्याचं एक उदाहरण बघा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात टुसॉनजवळ सान झेवियर देल बाक नावाचं स्पॅनिश काळातलं मिशन चर्च आहे. (हे झेवियर म्हणजे तेच, गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय ते.) १६९२ मध्ये किनो नावाचा जेसुइट (हा एक ख्रिस्ती धर्मसंघ) पाद्री तिथे आला, पुढे १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं जेसुइटांनाच हाकललं, मग फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे पाद्री आले आणि आत्ताची पांढरीशुभ्र इमारत १७८३ ते १७९७ या काळात उभी राहिली. नाव पाद्र्यांचं झालं, राबले मात्र तिथले तोहोनो ओ'ओदाम लोक. भिंती विटा-चुन्याच्या, छतसुद्धा विटांच्याच घुमटांचं, एक मनोरा पूर्ण तर दुसरा बिनघुमटाचाच राहिलेला. दर्शनी भागावर एका बाजूला मांजर आणि दुसऱ्या बाजूला उंदीर कोरलाय, मांजरानं उंदीर पकडला की जग बुडणार म्हणे! आत संगमरवर नाही, पण रंगवलाय असा की फसावं.

तर या चर्चवर विसाव्या शतकात सिमेंटचा लेप दिला गेला. सिमेंटला बारीक भेगा पडल्या, त्यातून पाणी आत शिरलं, आणि चुन्यातून जसं ते वाळून बाहेर पडतं तसं इथे पडेना, त्यामुळे विटा भुसभुशीत झाल्या आणि आतली चित्रं सोलून निघायला लागली. शेवटी सिमेंट काढून परत चुना-वाळूचाच गिलावा केला, त्यात फड्या निवडुंगाचा चिकट रस घालून, जुन्या पद्धतीनं. नव्वदच्या दशकात बाहेरून आलेल्या जाणकारांनी आतली चित्रं दुरुस्त केली, तेव्हा ओ'ओदाम तरुणांनाही हाताशी घेऊन काम शिकवलं. हे मला सगळ्यात आवडलं.

आपल्याकडे निवडुंगाच्या जागी गूळ, बेलफळ, मेथी, उडीद घालायचेच की, आणि हे काम येणारे कारागीर अजून सापडतात, फक्त विचारायला हवं. आमच्या देवळाच्या मागच्या भिंतीला मागे कधीतरी सिमेंट केलंय, तिथे टिचकी मारली तर पोकळ वाजतं आणि पोपडा निघाला की खाली विटेचा चुरा गळतो, तरी विश्वस्त म्हणतात चुना महाग पडतो भिया! अहो, पण तीच भिंत दोनदा करायची तर स्वस्त काय पडलं?

पुढच्या भिंतीचं काम अजून सुरू व्हायचंय. तेवढ्यात शहरातल्या एखाद्या वास्तुसंवर्धनवाल्यानं येऊन नुसतं बघून गेलं तरी चालेल, चहा माझ्याकडे.

आपला,
एक वाचक, इंदूर