खेड्यातला कॉन्स्टेबल आणि विधवेची बिअर

महोदय,

'भिकाऱ्यांना हटवा, कायदा कडक करा' अशी पत्रे या सदरात नेहमी येतात. मला अशा वेळी सोळाव्या-सतराव्या शतकातला इंग्लंडच्या खेड्यातला कॉन्स्टेबल आठवतो. तो पोलीस नव्हे. बहुधा वर्षभरासाठी नेमलेला बिनपगारी शेतकरी किंवा कारागीर. स्वतःची शेती सांभाळून त्याने शेजाऱ्यांवरच कायदा चालवायचा!

कामधंद्याविना फिरणाऱ्या भटक्यांच्या छातीवर डाग देऊन त्यांना दोन वर्षे गुलाम करण्याचा कायदा १५४७ मध्ये झाला. तो कुणी फारसा राबवलाच नाही. १५५० मध्ये गुंडाळला. १५९७ पासून भटक्याला रक्त येईस्तोवर फटके मारून मूळ गावी धाडत. हातात दाखला असे : फटके कुठे, कधी मारले आणि किती दिवसांत गाव गाठायचे. जणू सरकारी पावतीच.

बिअरच्या गुत्त्यांना १५५२ पासून दोन न्यायाधीशांचा परवाना लागे. पण विनापरवाना विकणारी अनेकदा गरीब विधवा असे. तिचा गुत्ता बंद केला तर तिला पोसायचे गावाच्याच करातून. मग कॉन्स्टेबल कशाला बघतोय! १६०६ पासून दारुड्याला पाच शिलिंग दंड होता, नाहीतर सहा तास खोड्यात. खोड्यात कोण बसत असेल, हे सांगायला नकोच.

आपल्या १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातही, भीक मागणे म्हणजे काय हे सांगताना, 'उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसणे' आहेच. हे शब्द भटक्यांवरच्या त्याच इंग्रजी कायद्यांच्या घराण्यातले.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा