सिनियरला विचारायला काय हरकत आहे?

प्रिय राजा,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धवटच राहिलं. लगेच पुन्हा लावणार होते, पण बाबा म्हणाले, "आत्ता नको. लिही. फोनवर तुझा आवाज चढतो, मग त्याला फक्त आवाजच ऐकू येतो." म्हणून लिहायला बसले आहे. रागावून लिहीत नाहीये, एवढं आधी मनात धर आणि मग पुढे वाच.

छोटीवर चिडू नकोस. तिने चुगली केली नाही. बोलता बोलता अ‍ॅनालिसिसचा पेपर राहिल्याचं तिच्या तोंडून निघालं आणि मग तीच रडायला लागली, दादाला दिलेला शब्द मोडला म्हणून. मला तू का सांगितलं नाहीस ते समजतं. आई गणित शिकवते आणि मुलाचा गणितातच विषय राहिला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं, असं तुला वाटलं असणार. पण पेपर राहतात आणि पुन्हा देता येतात. गेली कितीतरी वर्षं मी मुलांना हेच सांगत आले आहे आणि मला ते मनापासून पटतं. मला लागलं ते दुसरंच. विभागाने तुला वरच्या वर्षाचा मेंटॉर, म्हणजे अभ्यासात मदत करणारा सिनियर, घ्यायला सुचवलं, त्यावर तू म्हणालास, "ते ढ मुलांसाठी असतं, आई. मी खोलीत बसून करीन."

खोलीत बसून करीन. हे वाक्य या घराने आधीही ऐकलं आहे. धाकट्या काकाचा विषय मी काढणार नाही, बाबांना तसं कबूल केलंय.

आधी त्या "ढ"चं बघू. १९७३ साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात, कॅन्सस सिटीला, डिआना मार्टिन नावाच्या बाईंनी विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना अभ्यासात मदत करायची एक पद्धत सुरू केली. त्यांच्या पद्धतीत कच्च्या मुलांची यादी नव्हतीच. यादी होती ती अवघड विषयांची. ज्या विषयात दरवर्षी बरीच मुलं अडकतात किंवा तो सोडून देतात, त्या विषयाला मदत जोडायची. तो विषय आधी चांगला पार पाडलेला एक विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना जाऊन बसतो, नव्याने टिपणं काढतो आणि आठवड्याच्या ठरलेल्या वेळी बाकीच्यांना घेऊन अभ्यासाला बसतो. कुणीही यावं. वर्गात पहिला येणाराही येतो, काठावरचाही येतो. तुला किती पडले, असं दारात कुणी विचारत नाही. पुढे ही पद्धत कितीतरी देशांतल्या विद्यापीठांनी उचलली. तुमच्याकडे एकाला एक मेंटॉर देतात, म्हणजे रचना थोडी वेगळी आहे, पण मुळातला विचार तोच: विषय अवघड आहे. विषय अवघड असणं आणि मुलगा कच्चा असणं यांत फार अंतर आहे, आणि तू नेमकं तेच अंतर पुसून टाकतोयस.

आता ट्राइसमनचं सांगते. हे मी आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही सांगत असते आणि दर वेळी मला तूच आठवतोस. यूरी ट्राइसमन सत्तरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, गणितात संशोधन करत होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत होती. प्राध्यापकांना कारण विचारलं, तर उत्तरं तयारच होती. मुलांना तळमळ नाही, शाळेतला पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, पैसा नाही. ट्राइसमननी ही उत्तरं मान्य केली नाहीत. मुलं राहत, बसत, अभ्यास करत तिथे ते गेले आणि पाहत राहिले. दिसलं ते उलटंच. मुलं हुशार होती, आपापल्या शाळेत नाव काढून आलेली होती. घरच्यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. अभ्यासही सांगितला तेवढा करत होती. पण जवळजवळ सगळी एकेकटी बसत होती. त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं आधी आपापला अभ्यास करत आणि मग एकत्र येऊन उत्तरं ताडून पाहत. सगळ्यांचंच एखादं उदाहरण अडलं, तर ते उदाहरणच कठीण आहे हे त्यांना कळायचं. एकट्या मुलाला ते कळायला वाव नव्हता. त्याला वाटायचं, मलाच येत नाही.

राजा, हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. रविवारी तू मला जे सांगितलंस, ते याहून वेगळं होतं का?

ही मुलं विद्यापीठाने ठेवलेल्या मदतीच्या वर्गांकडेही फिरकत नव्हती, कारण तुझंच. आपण ढ ठरू. म्हणून ट्राइसमननी त्यांना सोपं करून शिकवायचा नादच सोडला. त्यांनी जास्त कठीण उदाहरणं दिली आणि ती मिळून सोडवायला लावली. निकाल बदलला. मुलं तीच होती. त्यांचं एकटं बसणं थांबलं होतं.

मी पुन्हा तिथेच आले. एकटं बसण्यावर येणार नाही, असं ठरवून बसले होते.

माझं सांगते. मी विद्यापीठात होते तेव्हा मेंटॉर हा शब्द आम्ही ऐकलेला नव्हता. मलाही अ‍ॅनालिसिसमध्येच अडलं होतं, तेही पहिल्याच प्रकरणात, मर्यादेच्या, म्हणजे लिमिटच्या, व्याख्येवर. सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो की... आणि पुढे गेले. त्यांच्या दृष्टीने त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. मी ती ओळ पाठ केली. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती. आधी एप्सिलॉन का आणि मग डेल्टा का, उलट का नाही, हे मात्र कळेना. हॉस्टेलमध्ये वरच्या वर्गातली एक मुलगी होती. तिने माझी वही ओढून घेतली आणि म्हणाली, "हे भांडण आहे असं समज. समोरचा म्हणतो, मला उत्तराच्या इतक्या जवळ आणून दाखव. तो जे अंतर सांगेल ते एप्सिलॉन. ते त्याने ठरवायचं, तुझा त्यावर हक्क नाही. मग तू त्याला डेल्टा द्यायचास, म्हणजे x किती जवळ ठेवला की ते जमेल ते अंतर. त्याने कितीही लहान अंतर मागितलं तरी तुझ्याकडे उत्तर असलं पाहिजे. तू आधीच डेल्टा देऊन बसलीस तर हरलीस." मग तिने मला समोरचा व्हायला लावलं आणि स्वतः डेल्टा शोधायला लागली. मग उलट. तासाभरात ती ओळ माझी झाली. आजही वर्गात ती व्याख्या आली की मी तिच्याच शब्दांत सांगते.

सरांना ते सांगता येत नव्हतं असं नाही. पण ते इतक्या वर्षांपूर्वी शिकले होते की कुठे अडतं तेच त्यांच्या लक्षात राहिलेलं नव्हतं. तिला मागच्याच वर्षी तिथेच अडलं होतं. हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९१ मध्ये वर्गातच हे घडवून आणायला सुरुवात केली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं. त्यांचं म्हणणं हेच, की ज्याला नुकतंच समजलंय त्याला शेजाऱ्याचं घोडं कुठे अडलंय ते शिक्षकापेक्षा लवकर दिसतं. वर्गात शिकवणारी बाई म्हणून मला हे कबूल करायला जड जात नाही. तुझ्या बाबतीत तर मी दोन पावलं मागेच आहे. मी तुझी शिक्षकही आणि आईही. तुझं गणित पाहताना मला आधी तुझा चेहरा दिसतो.

म्हणून मी शिकवायला बसणार नाही. तू मेंटॉरकडे जा.

जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. "मला काहीच समजलं नाही" असं म्हणू नकोस, त्यातून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. वही ने. ज्या ओळीपर्यंत समजलं तिथे रेघ मार आणि म्हण, इथून पुढे नाही. तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर आधी ती बघ. किती पडले याच्यापेक्षा कुठे गेले ते महत्त्वाचं. असाइनमेंटची उत्तरं त्याच्याकडे मागू नकोस, आणि त्याने आपण होऊन दिली तर घेऊ नकोस. चांगला मेंटॉर उत्तर देतच नाही. तो उलट विचारतो: तुला काय वाटतं, हे का केलंस, हे गृहीत धरलं नाही तर काय होईल? पहिल्या दिवशी त्याचा राग येईल, आला तर येऊ दे. एकदाच जाऊन ठरवून टाकू नकोस. आठवड्यातला एक वार, एक वेळ धर आणि परीक्षा लांब असतानाही जा. मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही. तोही विद्यार्थीच आहे, चुकेल. शंका उरली तर सरांकडे जा, त्यात त्याचा अपमान नाही. आणि नाहीच पटलं, तर दुसरा मेंटॉर माग. तसं मागता येतं.

किती बोलले बघ. वर्गातली सवय आहे, माफ कर. तू अर्धा परिच्छेद सोडून दिला असशील तरी चालेल, रेघ मारायचं तेवढं लक्षात ठेव.

मघाशी लिहिता लिहिता छोटीचे अपूर्णांक आठवले. ती तिसरी-चौथीत असेल. मी समोर बसून सांगतेय, आकृत्या काढतेय आणि ती पेन्सिल चावत खिडकीबाहेर बघतेय. तू शेजारच्या खोलीतून आलास, तिच्या शेजारी पालथा पडलास आणि म्हणालास, "छेद मोठा म्हणजे तुकडा लहान. मला पण आधी उलटंच वाटायचं." बस, एवढंच. तिची मान एकदम वळली. दादाला पण वाटायचं, हे ऐकल्यावर तिची भीतीच गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, "तू नको सांगूस, दादाला सांगू दे." मी वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींना शिकवायचं कसं ते शिकवलं आहे, पण "मला पण आधी उलटंच वाटायचं" हे वाक्य मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते.

जे तू तिच्यासाठी केलंस, तेच कुणीतरी तुझ्यासाठी करू पाहतंय. छोटी ढ होती का रे?

आता एकच, आणि मग थांबते. मेंटॉर अभ्यासापुरता असतो. त्याला थोडंफार प्रशिक्षण दिलेलं असतं, पण तो डॉक्टर नाही आणि सगळं ओझं त्याच्यावर टाकायचंही नसतं. झोप लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तासाला जाणं बंद झालं असेल, तर ते गणिताचं नाही. त्यासाठी विद्यापीठात समुपदेशक असतात, तिथे जायचं. मेंटॉरला तेवढं जरी सांगितलंस तरी तो तुला योग्य माणसापर्यंत पोचवेल. मी हे का लिहितेय ते तुला ठाऊक आहे. काकाने सुद्धा सगळ्यांना "अभ्यास चाललाय" असंच सांगितलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलं होतं. बघ, शब्द दिला होता तरी काढलाच विषय. बाबांना हे पत्र दाखवणार नाही.

तू काका नाहीस, हे मला कळतं. दिवसा कळतं.

छोटी म्हणाली, अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. दोन ओळी पुरतात: नाव, विषय आणि कुठल्या प्रकरणापासून अडलंय. कारणं द्यायची गरज नाही, आणि आधीच्या निकालाबद्दल काही लिहायचं नाही. गेलास का, असं मी तुला विचारणार नाही. छोटीला विचारीन, तेवढं चालवून घे.

तुझी,
आई

ता. क. पेपरात अडलेलं ते उदाहरण मला पाठवशील का? सोडवून पाठवणार नाही, वचन. हल्ली काय विचारतात ते फक्त बघायचंय. आणि मेंटॉर कोण मिळाला, मुलगा की मुलगी, कुठल्या वर्षाला आहे, तेही कळव.