इकडचा टी म्हणजे नुसता चहा नाही

प्रिय आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, व्हिडिओ कॉलवर अर्णव तुला "आजी, माझा टी झाला" म्हणाला आणि तुझा चेहराच उतरला, पोर रात्री चहा पिऊन झोपतं की काय म्हणून. तसं नाही गं, चांगला वरणभात, वर तूप आणि बटाट्याच्या काचऱ्या एवढं सगळं जेवला होता तो. इकडे लीड्समध्ये, लीड्सच कशाला, सगळ्या यॉर्कशरमध्येच संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात. आणि डिनर म्हणजे दुपारचं जेवण! शाळेत दुपारी मिळतं ते स्कूल डिनर, वाढणाऱ्या बायका डिनर लेडीज. झोपायच्या आधी टोस्ट, दूध घेतलं की ते सपर. लंडनकडे मात्र आपल्याला शाळेत शिकवलं तसंच, दुपारी लंच आणि रात्री डिनर.

मला हे फार आवडतं, कारण यामागे कष्टकऱ्यांचा दिवस आहे. इथे आणि शेजारच्या ब्रॅडफर्डला लोकरीच्या मोठमोठ्या गिरण्या होत्या, गिरणी सुटली की माणसं दमूनभागून घरी यायची, रात्री आठपर्यंत कोण थांबणार, मग आल्या आल्या गरम जेवण, पाव, बटाटे, जमलं तर मटण आणि सोबत किटलीभर कडक चहा. त्या चहावरून अख्ख्या जेवणाचंच नाव टी पडलं. त्यालाच हाय टी पण म्हणायचे. आपल्याकडे सेमिनारच्या पत्रिकेवर हाय टी असतो आणि सामोसा, पेस्ट्री मिळते, त्यात तो गिरणीवाला अर्थ राहिलाच नाही. श्रीमंतांचं जेवण उशिरा, मधे भूक लागायची, म्हणून १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनाने दुपारी चहा आणि केक मागवायला सुरुवात केली असं सांगतात, तो आफ्टरनून टी. आणि खाली डेव्हन, कॉर्नवॉलकडे क्रीम टी, म्हणजे चहाबरोबर स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव, जॅम आणि घट्ट साय, डेव्हनवाले साय आधी लावतात, कॉर्नवॉलवाले जॅम आधी, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणतात.

बाबा, तुमचा टी वेगळा, टेस्ट मॅचमधला २० मिनिटांचा, तो तर तुम्हाला मी सांगायला नको. हेडिंग्ले मैदान आपल्या लीड्समध्येच आहे, दाखवायला नेणार आहे.

एवढं लांबण लावायचं कारण म्हणजे शेजारच्या आजींनी तुम्हाला आत्तापासूनच बोलावून ठेवलंय, "कम राउंड फॉर यर टी, लव्ह" असं. आपल्याकडे चहाला या म्हटलं की आपण जेवूनखाऊन जातो आणि बशीतलं एक बिस्किट उचलतो. इथे तसं केलंत तर त्यांनी दुपारपासून ओव्हनपाशी उभं राहून केलेलं सगळं तसंच राहील आणि त्यांना फार वाईट वाटेल. आपण मांसमच्छी खात नाही हे मी सांगितलंय, त्या चीज-कांद्याची पाई करणार आहेत, वरून खरपूस आणि आत मऊ, सोबत सालासकट भाजलेला बटाटा मधोमध चिरून त्यात लोण्याचा गोळा, आणि हिरव्या वाटाण्यांचा घोटलेला लगदा. तो अळणी लागेल, मीठ मागितलंत तरी चालतं. चहा पण येतो, मोठ्या मगात, दूध घालून, पण आलं, वेलची काही नसतं.

बोलावणं साडेपाचचं आहे. बाबा, तुमची शुगरची गोळी जेवणाआधीची, ती त्या दिवशी संध्याकाळी लवकर घ्यावी लागेल, तर डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून ठेवा, विसरू नका.

आई, त्यांच्यासाठी घरची लिंबाची गोड फोड आण, मागच्या वेळची त्यांनी पाईबरोबर आवडीने खाल्ली होती. बरणी नीट पॅक कर आणि चेक-इनच्या बॅगेतच ठेव. तिकिटं झाली की फोटो पाठवा.

तुमची,
मनू